खिडकीतला एक

मी एक जुनं गणकयंत्र आहे, मित्रांनो. विजेवर चालणारं नव्हे हं! हँडल फिरवलं की माझ्या पोटातली चाकं कटकट करतात आणि वरच्या खिडक्यांत आकडे उमटतात. एकेकाळी मी नागपुरात, सदरमधल्या एका प्रयोगशाळेत मोठ्या डौलात बसत असे.

माझ्या बाई म्हणजे संशोधक यमुताई. माणसाचं हृदय गणितात बसवायचं, ते कधी थांबेल हे आधीच काढायचं, हाच त्यांचा ध्यास. रोज सकाळी त्या शिपाई लहानूभाऊंची नाडी मोजायच्या आणि आकडे मला भरवायच्या. कन्हानहून सायकलने येणारे लहानूभाऊ त्याआधीच मला पुसून, शून्यावर आणून ठेवायचे. निदान बाईंची तशी समजूत होती.

१९६७ सालचा एक शनिवार. शोधनिबंध छापायला पाठवायचा, म्हणून बाई सगळं पुन्हा तपासत होत्या. रोजच्या हिशेबात एक जास्त!

"लहानूभाऊ, यात एक कोण टाकतं?"

"मीच टाकतो बाई. आहेरातबी शंभरावर एक ठेवतोच नं आपण? मग हे रिकामं काहून ठेवावं? माझा जीव मांडून राहिल्या तुम्ही त्यात."

बाईंनी कपाळावर हात मारला. सगळे एक वगळून त्यांनी दिवसभर माझं हँडल फिरवलं. त्या एकामुळे गणितातलं हृदय आजवर कधी थांबलंच नव्हतं. आता ते येत्या सोमवारच्या हिशेबात थांबलं. सगळ्या खिडक्यांत शून्य! खोटं कशाला सांगू, माझ्या लोखंडावर काटा आला.

"रामदासपेठेत डॉक्टरांना दाखवून या," बाई हळूच म्हणाल्या.

"मले काय धाड भरली? चांगला खाऊन-पिऊन राहिलो. तुमची मशीनच बिघडली!" ते हसले. बाईही हसल्या. मला मात्र फार राग आला होता.

सोमवारी सायकल आली नाही. दुपारी निरोप आला.

बाईंनी तो निबंध फाडला. पुढे रोज निघताना त्या माझ्या खिडकीत एक ठेवू लागल्या. १९८३ साली कॉम्प्युटर आला, बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटात गेलो. निघण्यापूर्वी त्यांनी स्वतःची नाडी मोजून माझ्यात मांडली, वर एक ठेवला आणि कुलूप लावलं.

कपाटात सगळ्यांवर धूळ आहे, माझ्यावर नाही. रोज सकाळी बाहेर सायकलची घंटी वाजते आणि माझ्यावरून ओळखीचं फडकं फिरतं.

मित्रांनो, कधी कपाट उघडलंत तर मला तेल घाला, हवं तितकं पुसा. पण त्या एकाला हात लावू नका. बाई अजून आहेत.