पिवळ्या पिशव्यांचा धूर

शकु घाटकोपरच्या एका दवाखान्यात आया होती. लॉकडाऊन लागला, अख्खी मुंबई घरात बसली आणि शकुची ड्यूटी डबल झाली. घामाने निथळत पीपीई किट घालायचं, काढलं की पिवळ्या पिशवीत कोंबून गाठ मारायची. सगळ्या दवाखान्यांच्या अशा पिशव्या ट्रकने मानखुर्दच्या भट्टीत जायच्या, जाळायला. शकुची खोली त्या भट्टीच्या पाठीलाच. आधी धूर अधूनमधून सुटायचा, आता धुराडं थांबेचना.

नवरा भीमराज खोकून खोकून अर्धा झाला. शेजाऱ्यांना वाटलं कोरोना. अँब्युलन्स त्याला मुलुंडच्या क्वारंटाइन सेंटरला घेऊन गेली. टेस्ट निगेटिव्ह आली. तिथे त्याचा खोकला थांबला, जेवण जायला लागलं. घरी सोडलं, आणि दोन दिवसांत परत तेच. अंथरुणात उठून बसायचा, धापा टाकायचा.

तेव्हा शकुच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, हा कोरोना नाही, भट्टीचा धूर आहे, आणि डोकंच फिरलं.

त्यात बोरीवलीहून धाकट्या बहिणीचा, शीतलचा फोन आला. "ताई, फोटो बघितलास? नॅशनल पार्कचे डोंगर कसे स्वच्छ दिसतायत. हवा एकदम झकास झालीय गं. कोरोनाने एवढं तरी चांगलं केलं ना."

"कोणाचं चांगलं केलं?" शकु म्हणाली. "गाड्या बंद म्हणून तुमची हवा चांगली. तुमचे मास्क, तुमची किटं इथे जळतायत. तुझे दाजी बसल्या जागी धापा टाकतायत. त्यांचा फोटो पाठवू?"

शीतल म्हणाली, "दाजींना माझ्याकडे पाठव."

दवाखान्याच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून शकुने भीमराजला बोरीवलीला धाडलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चंपाला आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन ती भट्टीच्या गेटवर गेली. ट्रक अडवला. पोलीस आला.

"लॉकडाऊन आहे. घरी जा."

"घरात श्वास घेता येत नाही, साहेब."

"ही अत्यावश्यक सेवा आहे. गाडी अडवता येणार नाही."

"मी पण अत्यावश्यकच आहे. हे बघा कार्ड. तुम्ही मास्क काढून पाच मिनिटं इथे उभे राहा, मग जाते मी."

त्याने मास्क काढला नाही. काठी आपटली. बायका मागे सरल्या, ट्रक आत गेला.

लॉकडाऊन उठला. बोरीवलीचे डोंगर परत धुरकटले, तरी मानखुर्दपेक्षा बरं म्हणून भीमराज तिकडेच वॉचमन झाला. सुट्टीच्या दिवशी बायकोला भेटायला येतो आणि खोकला सुरू व्हायच्या आत निघतो.

"ती खोली भाड्याने दे आणि तू पण ये," शीतल अजून म्हणते.

"देऊ कोणाला? जो येईल त्यालाही फुप्फुसं आहेतच ना," शकु म्हणते, फोन ठेवते आणि चंपाला हाक मारून परत भट्टीच्या गेटकडे निघते.