उशिरा उघडलेले कान

सुतार तरुणपणी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यांच्या एकुलत्या एका अल्बमची एका समीक्षकाने अशी सालटी काढली, की बँड मोडला आणि त्याच्या हाती रंधा आला. तीस वर्षांनी त्याच अल्बमचा जिकडेतिकडे उदोउदो सुरू झाला, तेव्हा तोच समीक्षक रेकॉर्डवर सही मागायला वर्कशॉपमध्ये आला.

“काळाच्या पुढचं काम. मी तेव्हाच ओळखलं होतं.”

सुताराच्या बायकोला ते परीक्षण तोंडपाठ होतं. “‘जिन्यावरून भांडी गडगडत आली’, असं लिहिलं होतंत तुम्ही.”

“वहिनी, ती स्तुतीच होती,” तो ओशाळून हसला.

“मग आजची स्तुती काय समजायची?” सुताराने विचारलं. रेकॉर्ड कोरीच परत देऊन त्याने करवत सुरू केली.