देवकाला वाट

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्या इमारतीत सकाळचं ऊन वरून खाली येत असे. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी ओलांडली की ते आधी सातव्या मजल्याला मिळे, आणि मग एकेक बाल्कनी उतरत चौथ्या मजल्यावर गिरिजाबाईंकडे पोचे. तोवर त्यांची निम्मी कामं आटोपलेली असत. दूध तापून झाकलेलं असे, मुलगा स्वप्नील डबा घेऊन हाटकेशमधल्या टाइल्सच्या गोडाऊनकडे कामाला निघून गेलेला असे, आणि सून रुचिता एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने फोनवर ऑफिसचे मेसेज पाहत असे. गिरिजाबाई कुंडीतलं एक जास्वंदीचं फूल खुडून ताटलीत ठेवत, दुसरा चहा टाकत आणि गॅसकडे तोंड करून उभ्या राहत.

कान मात्र मागे असत. आतल्या खोलीतून आधी काठीचा आवाज येई. मग डावा पाय फरशीवर ओढल्याचा. मग पुन्हा काठी. आपण चालताना कोणी वळून पाहिलेलं पंढरीनाथांना खपत नसे, म्हणून त्या मुकाट्याने चहाची उकळी पाहत राहत. बाल्कनीत पोचले की पंढरीनाथ भिंतीशी असलेला निळा टब काठीच्या टोकाने ढकलत ढकलत उन्हाच्या पट्ट्यात आणत आणि मगच खुर्चीत बसत. टबात रेती होती, फुटक्या टाइलचे तुकडे होते, आणि त्या तुकड्यांखालून दीडेक वीत लांबीचा एक प्राणी सावकाश डोकं बाहेर काढी. रात्रीच्या गारठ्याने काळपट पडलेलं त्याचं अंग ऊन लागलं की हळूहळू वाळूच्या रंगाचं होई.

"उठलं गं देवक," पंढरीनाथ आत हाक देत. "फूल आण."

ही सकाळ या घरात नवी होती. गणपतीनंतर पंढरीनाथांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून ते परतले ते पलंगावरच. पाय सुधारेल, फक्त चालायला हवं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी सांगून टाकलं, "बाई, तू चांगली आहेस, पण उद्यापासून येऊ नको." आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासलेला, जेवतानाही वर्तमानपत्रातल्या चुका काढणारा माणूस दिवसदिवस बोलेनासा झाला. गिरिजाबाई स्वयंपाकघरात वावरत आणि आतली शांतता ऐकत.

मग डिसेंबरात एका संध्याकाळी स्वप्नील पुठ्ठ्याचं खोकं घेऊन घरी आला. गोडाऊनमध्ये मोरबीहून टाइल्सचा ट्रक आला होता आणि खोक्यांच्या पेंढ्यात हा प्राणी निघाला होता. हमाल फावडं घेऊन धावले, तेव्हा स्वप्नील मध्ये पडला. "घोरपडीचं पिल्लू आहे, बाबा," तो दारातूनच म्हणाला. "आपलं देवक! मारू कसं देणार?"

घोरपड हे त्यांच्या घराण्याचं देवक. रत्नागिरीकडच्या गावी घरात कार्य निघालं की पाटावर हळदीने घोरपड काढून तिची पूजा होई, आणि तिला नमस्कार केल्याशिवाय मांडवात कोणी हळकुंडाला हात लावत नसे. घराण्यात घोरपड मारायची नाही, खायची नाही, आणि ती वाटेत आली तर थांबून, हात जोडून तिला आधी जाऊ द्यायचं. एवढेच काय ते नियम. स्वप्नीलने घोरपड कधी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. पाटावरची हळदीची आकृती तेवढी त्याला ठाऊक.

खोकं उघडलं तेव्हा पंढरीनाथ पलंगावर उठून बसले. स्वतःहून. मग म्हणाले, "जवळ आण."

गिरिजाबाईंनीही वाकून पाहिलं, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की ही घोरपड नव्हे. त्यांचं माहेरही त्याच पट्टीतलं. परसातल्या दगडी गडग्यावरून घोरपडी जाताना त्यांनी कितीदा तरी पाहिल्या होत्या. घोरपडीचं शेपूट चाबकासारखं लांब आणि जीभ सापासारखी दुभंगलेली. याचं शेपूट आखूड, जाड, काट्यांची वळी एकापुढे एक ओवल्यासारखं. तोंड बोथट, जरासं दुःखी. त्या बोलणार होत्या. पण नवऱ्याचा उजवा हात काठी शोधत होता, आणि त्या गप्प राहिल्या.

तेव्हापासून काठीचा आवाज सुरू झाला. देवकाला ऊन हवं म्हणून पंढरीनाथ बाल्कनीपर्यंत चालू लागले. चहाही दोघं तिथेच घेऊ लागली. शेजारच्या मंजुलाबेन मधल्या कठड्यावरून डोकावून विचारत, "भाई, ये मगर का बच्चा है क्या? बडा होगा तो मेरे को बता देना, मैं गाँव चली जाएगी." त्यावर पंढरीनाथ गंभीरपणे सांगत, "बडा होगा तो सोसायटी का चेअरमन बनाएंगे. अभी के चेअरमन से तो ज्यादा हिलता है."

एकच गोष्ट बरी नव्हती. देवक खात नव्हतं. घोरपड अंडं खाते म्हणून गिरिजाबाई ताटलीत अंडं फोडून ठेवत आणि संध्याकाळी ते तसंच टाकून देत. खिमा ठेवून पाहिला. त्याला मुंग्या लागल्या. पूजेचं जास्वंदीचं फूल तेवढं रोज नाहीसं होई. "पूजा पोचली," पंढरीनाथ समाधानाने म्हणत. पण एका फुलावर कुणाचं भागतं? मानेवरची कातडी सैल पडत चालली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी सगळे बाल्कनीच्या दाराशी बसले असताना रुचिता उत्साहाने फोन घेऊन आली. तिने टबातल्या प्राण्याचा फोटो काढून इंटरनेटवर शोधलं होतं.

"बाबा, ऐका. याचा आध्यात्मिक अर्थ दिलाय. 'काटेरी सरडा तुमच्या आयुष्यात आला, तर समजा, थांबून बळ साठवण्याची वेळ आहे. त्याचे काटे हल्ल्यासाठी नसतात, स्वतःला राखण्यासाठी असतात. कोणतं ऊन अंगावर घ्यायचं आणि केव्हा बिळात शिरायचं, हे तो जाणतो. ज्यांचा तो टोटेम, ती माणसं थोडक्यात भागवतात आणि वाळवंटातही तग धरतात.'"

"टोटेम म्हणजे?" पंढरीनाथांनी विचारलं.

"देवकच की. तिकडच्या लोकांचं."

"म्हणजे बाबांची रास सरडा," स्वप्नील म्हणाला.

"आणि तुझी म्हैस," पंढरीनाथांनी सुनावलं. "रविवारी दहापर्यंत लोळणारी."

सगळे हसले. गिरिजाबाईंना मात्र त्या वाचनातला 'वाळवंट' हा शब्द टोचला. त्यांनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. पंढरीनाथ जास्वंदीच्या कुंडीकडे बघत होते.

"रुचिता," गिरिजाबाई म्हणाल्या, "खातो काय, ते लिहिलंय का?"

रुचिताने बोटाने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "ते नाहीये यात, आई. यात नुसता अर्थ आहे."

मग तिने दुसरीकडे शोधलं, आणि थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "आई, ही घोरपड नाहीये. याला सांडा म्हणतात. कच्छ-राजस्थानातला. पाला आणि फुलं खातो. अंड्याला तोंडही लावणार नाही. आणि असा घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणे."

"घोरपड नाही ते मला पहिल्या दिवशीच कळलंय."

"मग?"

गिरिजाबाईंनी बाल्कनीच्या दिशेने मान वळवली. बाहेर पंढरीनाथ स्वप्नीलला टबातली रेती कशी बदलायची ते समजावत होते. रुचिताने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. "निदान मेथी देऊन बघू."

सांड्याने मेथी खाल्ली. गिरिजाबाईंना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची थोडी लाजही वाटली. अजून थोडे दिवस, त्यांनी स्वतःला समजावलं. पाय जरा ठीक होऊ दे. हा गेला तर काठीचा आवाजही त्याच्यामागे जाईल, ही भीती त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नाही.

पण पोट भरल्यावर सांड्याला दुसरंच काही सुचू लागलं. दुपारी पंढरीनाथ झोपले की बाल्कनीतून खरखर ऐकू येई. एके दिवशी गिरिजाबाई हातातलं निवडणं तसंच टाकून पाहायला गेल्या. तो टबाच्या कोपऱ्यात तोंड घालून पुढच्या पायांनी रेती उपसत होता. रेती संपली, नखं प्लास्टिकवर पोचली, तरी तो थांबेना. थोडा दम खाई आणि पुन्हा लागे. त्यांनी त्याला अलगद बाजूला केलं तेव्हा निळ्या तळावर तांबूस ओरखडे दिसले. एका नखातून रक्त आलं होतं.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. त्याला बीळ हवं होतं. त्यांनी दिलेलं ऊन, फूल, मेथी, हे सगळं घेऊनही त्याला खाली जायचं होतं आणि खाली चौथा मजला होता. कुणाच्याही देवकाला आपण असं ठेवलं नसतं, हे त्यांना अगदी साधेपणाने कळलं. आणि नवऱ्याच्या पायासाठी आपण ठेवलं, हेही.

संध्याकाळी त्यांनी दोन कप चहा बाल्कनीत आणला.

"अहो, एक सांगायचंय. रागावू नका. ही घोरपड नाही."

पंढरीनाथांनी कप बशीत ठेवला. "शेपूट," ते म्हणाले.

"तुम्हाला..."

"गिरिजा, लहानपणी शाळेच्या वाटेवर घोरपड आली म्हणून मी हात जोडून उभा राहिलोय, वर उशीर झाला म्हणून मास्तरांचा मार खाल्लाय. तिचं शेपूट मी विसरेन होय? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी काठीने टब जवळ ओढला. "मी आजारी पडल्यापासून तू चहा ओट्याशी उभ्यानेच प्यायचीस. हा आला, तेव्हापासून इथे येऊन बसायला लागलीस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय, कशाला मोडा."

गिरिजाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी पदराने कपाची कड उगाचच पुसली. मग त्यांनी दुपारचे ओरखडे दाखवले. पंढरीनाथ वाकून, चष्मा कपाळावर चढवून, बराच वेळ ते पाहत होते.

"आपलं नसेल," शेवटी ते म्हणाले, "पण कुणाचं तरी असेलच देवक. आणि आपण त्याची वाटच अडवून बसलोय. रुचिताला सांग, कुणाला कळवायचं ते कळव म्हणावं. उद्याच."

रुचिताच्या ओळखीतून संजना नावाची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. परिसरात साप-पक्षी सापडले की वनखात्याच्या माणसांबरोबर काम करणारी. तिने सांडा सफाईने उचलला, त्याचं पोट पाहिलं, नख पाहिलं, आणि भोकं पाडलेल्या डब्यात कापडावर ठेवला.

"कुठे सोडणार?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"आधी डॉक्टर बघतील, काकू. मग वनखातं ठरवेल. त्याच्या मुलखात पाठवायचा प्रयत्न असतो. वेळ लागतो. जगेलच असं मी आत्ता सांगणार नाही, पण तब्येत वाटली तेवढी वाईट नाहीये. मेथी तुम्ही द्यायचात?"

"हो."

"बरं केलंत. पण पुन्हा काही सापडलं तर लगेच फोन करा. घरी नका ठेवू."

"नाही ठेवणार," पंढरीनाथ म्हणाले. ते काठी टेकत तिच्यामागून निघाले होते. दार ओलांडून ते जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत आले. हॉस्पिटलातून परतल्यावर त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. गिरिजाबाई मागे राहिल्या. सवयीने त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि मग, न राहवून, पाहिलं.

लिफ्ट आली. संजनाने डबा सावरत दार धरलं आणि अदबीने म्हटलं, "या ना काका, आधी तुम्ही."

पंढरीनाथ एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक. काठी बगलेत धरली, पाठ भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. डावा हात पुरता वर आला नाही.

"आधी त्याला जाऊ दे," ते म्हणाले.

लिफ्ट खाली जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मग काठी, ओढलेला पाय, काठी, असे ते परत आत आले. गिरिजाबाईंनी टबातली रेती पिशवीत भरली, टब घासून मोरीत उपडा घातला आणि बाल्कनीत येऊन विचारलं, "खुर्ची आत घेऊ?"

"असू दे," खुर्चीकडे येत पंढरीनाथ म्हणाले. "ऊन आहे अजून. तुझीही आण."