बंद शाळेच्या हापशाचं गोड पाणी

तिसऱ्या हिसक्याला पाणी आलं.

सॅलो क्रीकच्या बंद शाळेतला हापसा अकरा वर्षं कोरडा होता. दांडा गंजून लाल झालेला, तोंडात चिमण्यांनी घरटं केलेलं. रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव तिथे जमलं, कारण खासदार वेंडेल प्रुइट परत निवडणुकीला उभे होते आणि भाजलेल्या मांसाचं फुकट जेवण होतं. प्रुइटसाहेबांनी पांढरी हॅट काढून छातीशी धरली आणि डोळे मिटून दांड्यावर हात ठेवला. पहिला हिसका कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्याला भसकन पाणी उसळलं आणि त्यांच्या बुटांवर पडलं.

मग बायका रडायला लागल्या, पुरुषांनी हॅट काढल्या. नॅडीन स्ट्रूब गुडघ्यांवर बसली ती थेट चिखलात, चर्चच्या चांगल्या कपड्यांसकट.

"बघा," प्रुइट म्हणाला. आवाज असा दाटलेला की जणू त्याच्याच घशातून पाणी आलंय. "वॉशिंग्टनवाले म्हणतात, पाणी हवं तर आमच्याकडून पाइप घ्या. पण सरकारी पाइप घरात आला की त्याच्या मागून सरकार येतं. आज स्वयंपाकघरात, उद्या झोपायच्या खोलीत. मी विचारलं, देवा, माझ्या माणसांना कुणाच्या दारात उभं करू? देव म्हणाला, वेंडेल, दांडा धर."

त्याने पेला भरून प्यायला. मग गर्दीत फिरवला. पाणी खरंच गोड होतं. सॅलो क्रीकच्या माणसाने गावातलं गोड पाणी पहिल्यांदाच चाखलं. इथलं पाणी जिप्समचं. खारट, कडवट, चहाला निळसर साय आणणारं. त्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला साधं पाणीसुद्धा अमृत लागतं.

व्हेडा टीग मागे हाताची घडी घालून उभी होती. गावातलं एकुलतं एक धुलाईचं दुकान तिचं. आठ मशिनं, त्यातली तीन खारट पाण्याने कायमची मेलेली. पेला तिच्यापर्यंत आला तेव्हा तिने तो तसाच पुढे दिला. तिला पाण्याचा राग नव्हता. राग होता पाइपच्या गोष्टीचा.

कारण मागच्या निवडणुकीला पाइपलाइन आणायचं वचन याच वेंडेलने दिलं होतं. याच मैदानात, याच हॅटमध्ये. व्हेडाने तेव्हाही त्यालाच मत दिलं होतं, त्याआधीही. मग दोन वर्षं त्याच्या ऑफिसात फोन लावले. आज बघतो, उद्या बघतो, आणि एक दिवस कळलं की मंजूर झालेल्या योजनेची मुदत उलटून गेली. शेवटी जिल्ह्याच्या पाणीमंडळाने सांगितलं, साठ घरांनी लेखी मागणी केली तर आम्हीच लाइन टाकतो. अर्ज पोचवायची शेवटची तारीख बुधवार, अठरा तारीख. तोवर साठ झाली नाहीत तर लाइन दुसऱ्या गावाला.

व्हेडाने दारोदार फिरून चौसष्ट सह्या गोळा केल्या होत्या. दुकानासाठी, असं सगळ्यांना सांगायची. खरं कारण ऑरविल, तिचा नवरा. त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा नव्वद मैल जाऊन रक्त साफ करून घ्यायचं आणि नव्वद मैल परत यायचं. घरी बसवायचं मशीन मिळत होतं, पण डॉक्टरीणबाईंनी इथल्या पाण्याची बाटली बघितली आणि मान हलवली. "या पाण्यावर मशीन महिनाभरही चालायचं नाही. चांगलं पाणी आणा, मग बोलू."

चमत्काराच्या दुसऱ्याच दिवशी नॅडीन दुकानात आली, टोपलीभर चादरी घेऊन.

"व्हेडा, माझं नाव काढ गं त्या कागदावरून."

"का?"

"देवाने दिलं असताना सरकारकडे मागायचं बरं दिसत नाही."

"नॅडीन, हापशाला कुलूप आहे. म्हणे फक्त रविवारी तासभर उघडणार, घरटी एक कॅन देणार. तुझ्या या चादरी कशात धुणार? प्रार्थनेत?"

"तू ना, फार बोलतेस."

आणि नॅडीन एकटी नव्हती. शुक्रवारपर्यंत सव्वीस नावं गेली. प्रत्येकजण येताना डोळे चुकवत येई आणि तेच वाक्य बोले, जणू कुणी छापून वाटलंय. व्हेडा रेघा मारत राहिली. पेन कागदातून आरपार गेलं दोनदा.

दुसऱ्या रविवारी पुन्हा प्रार्थना, पुन्हा तिसरा हिसका, पुन्हा पाणी. देवसुद्धा कसा वेळेचा पक्का. सोमवारी ऑरविल म्हणाला, "आपलंही नाव काढ."

व्हेडाने हातातला टॉवेल खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"लोक बोलतात. वीस वर्षं मी वेंडेलचे फलक ठोकतोय. त्याच्या तोंडावर पाइप मागायचा?"

"तुझ्यासाठी मागते मी, गाढवा."

"माझं मी बघतो." तो खुर्चीत बसला आणि नुसतं बसण्याने त्याला धाप लागली. व्हेडाने त्याच्या पायांकडे बघितलं. घोटे सुजून बुटांच्या वर आलेले. डॉक्टरांनी दिवसाला चार कप पाणी सांगितलेलं, एक घोट जास्त नाही. ती काही न बोलता गोठ्यामागच्या शेडमध्ये गेली. जुन्या पाइपांच्या मागे हापशाच्या पाण्याचा कॅन होता, अर्धा रिकामा. ऑरविल चोरून पीत होता.

त्या दिवशी तिने त्याला वेळेआधीच नव्वद मैल नेलं. दवाखान्यात त्याच्या अंगातलं पाणी काढून घेतलं तेव्हा कुठे तो सरळ झोपू शकला.

घरी आल्यावर तिने कॅन मोरीत उपडा केला. पाइपांमागून तो काढताना हात ग्रीसने काळे झाले होते म्हणून त्याच पाण्यात जाता जाता साबण लावला.

आणि फेस आला.

व्हेडा तशीच उभी राहिली. मनगटापर्यंत पांढराशुभ्र, जाड फेस. चोवीस वर्षं ती या गावचे कपडे धुवत होती. इथे साबण लावला की हाताला करडा, चिकट साका येतो, फेस कधीच येत नाही. पोरं शहरात शिकायला गेली की पहिलं पत्र त्याचंच येतं, आई, इथे साबणाला फेस येतो. तिने हात नाकाशी नेला. वासही होता. ब्लीचचा, अगदी पुसट. शहराच्या नळाला येतो तो. तो वास तर तिला झोपेतही ओळखू आला असता, आयुष्य त्यात गेलं होतं.

तिसऱ्या रविवारी तिने ऑरविलला बळेच गाडीत बसवलं. "उतरू नकोस. नुसता बघ." बरोबर दोन बादल्या आणि साबणाची वडी घेतली. एका बादलीत घरच्या विहिरीचं पाणी.

प्रार्थना झाली, तिसरा हिसका झाला, पाणी आलं. व्हेडा पुढे गेली आणि तिने रिकामी बादली हापशाखाली धरली.

"सिस्टर व्हेडा," चर्चमधल्यासारखी हाक मारत प्रुइट हसला, "तुम्हीही आलात म्हणजे आज देवाने दुसरा चमत्कार केला."

लोक हसले. तिने वडी आधी घरच्या पाण्यात घासली. करडा साका. मग हापशाच्या पाण्यात. फेस बादलीबाहेर आला.

"हे पाणी या जमिनीतलं नाही," ती म्हणाली. "इथे कुणाच्या घरी असा फेस येतो? हात वर करा."

हात कुणी वर केला नाही, पण बायका बादलीकडे बघायला लागल्या. फेस बायकांना कळतो.

"देवाने कडू पाणी गोड केलं, सिस्टर. त्यात नवल ते काय?"

"केलं असेल. मग पोहायच्या तलावाचा वासही त्यानेच घातला का? नॅडीन, हुंग."

नॅडीनने वाकून हुंगलं. तिचं तोंड उतरलं.

"आणि देवाने दिलंय तर कुलूप कशाला? आज घरटी एक कॅन नाही. हापसत राहायचं. जमिनीतलं असेल तर संध्याकाळपर्यंत येईल."

"नाही, नाही, वाया जाईल," म्हणत प्रचाराचं काम बघणारा स्किप पुढे धावला. इस्त्रीचा शर्ट, बुटांना कधी माती न लागलेली. पण नॅडीनने दांडा धरला होता, आणि नॅडीनच्या हातातून दांडा सोडवणं स्किपच्या बापालाही जमलं नसतं. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. पाणी मैदानभर झालं. मग धार बारीक झाली. मग हापसा खाकरला आणि नुसती हवा सोडायला लागला.

स्किप थोडाही गडबडला नाही. "बघितलंत? संशय घेतला आणि आटलं. इतके दिवस श्रद्धेवर येत होतं."

आणि गर्दीतल्या दोन-चार माना खरंच डोलल्या. व्हेडाला वाटलं बादली उचलून त्यांच्याच डोक्यात घालावी. डोळ्यांसमोर फेस, नाकात वास, हापसा कोरडा, आणि तरी माना डोलतात.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. ऑरविल उतरला. हातात मोठा पाना होता. तो हळूहळू चालत आला, दोनदा थांबून दम खाल्ला. सगळ्यांनी वाट करून दिली, कारण या भागातल्या निम्म्या विहिरी आणि पवनचक्क्या त्यानेच दुरुस्त केलेल्या.

"ब्रदर ऑरविल," प्रुइट म्हणाला, "बायकोला जरा समजाव."

"वेंडेल, ही विहीर एकशे ऐंशी फूट आहे. शाळा बंद झाली तेव्हा आतल्या सळ्या मीच उपसून काढल्या. सगळ्या. माझ्या शेडमध्ये पडल्यात." तो हापशाचे बोल्ट सोडवायला बसला. "सळ्यांशिवाय दांडा हलवून इतक्या खालचं पाणी वर येत नाही. मला हे पहिल्या रविवारीच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?" नॅडीन.

ऑरविलने तिसरा बोल्ट काढला. "मी मनाशी म्हटलं, देवाला सळ्या कशाला लागतात." त्याने व्हेडाकडे बघितलं नाही. "मला बरं व्हायचं होतं गं."

हापशाचं डोकं बाजूला झालं. आत दोन फुटांवर निळी प्लॅस्टिकची नळी दिसली. ती खाली जात नव्हती, आडवी जात होती. लोक नळीच्या रोखाने चालत गेले. भिंतीपाशी हिरवळीचा एक चौकोन होता, आजूबाजूच्या वाळक्या गवतात नवाकोरा. कुणीतरी कोपरा धरून ओढला तर गालिच्यासारखा निघाला. खाली लाल मातीत पुरलेल्या टाकीचं काळं झाकण. टँकरने भरायची, हापशाने उपसायची. पहिले दोन हिसके नळीतली हवा निघायला लागत. एवढाच काय तो चमत्कार.

प्रुइटने झाकणाकडे बघितलं, मग स्किपकडे. "मला याची काही कल्पना नव्हती," तो म्हणाला आणि हॅट घालून गाडीत बसला. कल्पना होती की नव्हती हे पुढेही कुणी सांगितलं नाही. तो निवडूनही आला, बाकीच्या जिल्ह्यांच्या मतांवर. सॅलो क्रीकमध्येसुद्धा त्याला मतं पडली. कुणाची, ते विचारायच्या भानगडीत व्हेडा पडली नाही.

तिने त्याच दुपारी कागद गाडीच्या टपावर पसरला. पहिली सही नॅडीनने केली, चिखलाच्या हाताने. बुधवारी कागद पोचला तेव्हा त्यावर एकसष्ट नावं होती. लाइन पुढच्या उन्हाळ्यात आली. ऑरविलचं मशीन आता आतल्या खोलीत आहे आणि नव्वद मैलांचा रस्ता सुटलाय.

दुकानाच्या दारात व्हेडाने साबणाची वडी सुतळीने टांगली आहे, खाली एक बादली. वर पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात लिहिलंय: देवाला माना, न माना, तुमची मर्जी. पण कुणी चमत्कार आणून दाखवला, तर गुडघ्यांवर बसायच्या आधी जे तुम्हाला रोजच्या कामातून पक्कं ठाऊक आहे ते आठवा, आणि तिथल्या तिथे बोला.

शेवटचे चार शब्द ऑरविलने सांगून लिहून घेतले.