पाचवी जात

आमच्या पुली गावात सिउबानच्या बोटांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कारखान्यात चाळीस बायका फुलपाखरांचे पंख कापून, डिंकाने चिकटवून चित्रं करायच्या, पण काळ्या-जांभळ्या फुलपाखरांची निवड फक्त तिच्याकडे. दिसायला सगळी एका आईची लेकरं. एकीच्या पंखावर एक रेघ, एकीवर दोन, एक ठिपकेवाली, एक धाकटी. चार जाती, चार टोपल्या. सिउबान मागची बाजू बघायची, पंखाची रुंदी अंगठ्याने मोजायची, की झालं.

फुलपाखरं धरणारे पुरुष प्रत्येक नग तिकोनी कागदात घालून आणत. कागदावर पेन्सिलीने जागा, तारीख, धरणाऱ्याचं नाव. निवड झाली की कागद डिंक तापवायच्या शेगडीत. जळणाला बरा, दुसरा उपयोग काय त्याचा?

तिचा नवरा थियनहोक हाही धरणाराच. दोन वर्षं तो सांगत होता, की ओढ्याच्या वरच्या घळीत पाचवी जात आहे. थोराड, कडेचे ठिपके टोकदार. चहाच्या टपरीवर त्याची टर उडायची. दारू न पिता झिंगणारा माणूस पहिल्यांदा बघतोय, असं लोक म्हणायचे. तो हसून सोडून द्यायचा, पण आतून झुरत होता. परक्यांनी मानलं नाही तरी चालेल, बायकोने मानावं, एवढंच त्याचं मागणं.

आणि एके दुपारी तो भर कारखान्यात आला. हातात एकच तिकोनी पुडी. ऐन जेवणाची वेळ, चाळीसच्या चाळीस बायका डबे उघडून बसलेल्या.

"हिला ओळख," तो म्हणाला.

मुकादमीण खिमकाकू कसली गप्प बसते! "ओळख बाई, ओळख. सवत घेऊन आलाय बघ तुझा नवरा."

सगळ्या खिदळल्या. सिउबानचे कान तापले. तिने पुडी उलगडली, अंगठा लावला. पंख अंगठ्याच्या पुढे गेला. कडेचे ठिपके टोकदार होते. तिचं बोट तिथेच अडलं. पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या, आणि नवऱ्याची बाजू घेतली म्हणून उद्यापासून आपलीही टर उडणार, हे तिला लख्ख दिसलं.

"एकरेघीच आहे," ती म्हणाली. "जरा जास्त चरलेली."

हशा पिकला. थियनहोक हसला नाही. तू म्हणतेस तर तसंच असेल, असं पुटपुटून निघून गेला. तिने पंख कापले, मोराच्या चित्रात पिसाऱ्याला लावले आणि कागद शेगडीत टाकला. रोजच्या सवयीने टाकला हो! नवऱ्याचं अक्षर होतं त्यावर, तेही तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुसरी आणायला घळीत गेला. खडक ओला होता. तिसऱ्या दिवशी लोकांनी त्याला खालून उचलून आणला. पुड्यांचा डबा रिकामा होता.

गावाने ठरवून टाकलं, भ्रमापायी गेला. सासूबाईंनीही तेच मानलं. एकुलता एक मुलगा, आणि त्याच्याबद्दल कोणी विचारलं की त्या मान खाली घालून म्हणायच्या, डोकं ठिकाणावर नव्हतं माझ्या पोराचं. सिउबान शेजारी उभी राहून ऐकायची. दीड वर्ष ऐकत राहिली.

मग ताइपेहून एक प्राध्यापक आले. बगलेत दुकानातून घेतलेलं मोराचं चित्र, मागे कारखान्याचा शिक्का. पिसाऱ्यातल्या एका पंखावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कोणी धरलं, कुठे? अशी जात इथे आहे असं ते वर्षानुवर्षं ऐकून होते. डोळ्यांनी आत्ता पाहत होते.

सिउबानने नाव सांगितलं, घळ सांगितली, तारीखसुद्धा सांगितली. प्राध्यापक भला माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण ते म्हणाले, "बाई, कागद असता तर त्यांचं नाव लिहिलं असतं. तोंडी मला चालत नाही."

त्यांनी वहीत लिहिलं : ठिकाण अज्ञात, धरणारा अज्ञात. खिमकाकू बाहीने नाक पुसत होती. आता रडून काय उपयोग?

पुढच्या आठवड्यात पितरांची थडगी झाडायचा वर्षाचा दिवस आला. सासू-सुना टेकडीवर गेल्या, गवत उपटलं, नैवेद्याला शेंगदाण्याची पूड भरलेल्या पातळ पोळीच्या गुंडाळ्या मांडल्या. दोघींनी तीन-तीन उदबत्त्या पेटवल्या. तेव्हा सिउबानने प्राध्यापकांची गोष्ट सांगितली.

म्हातारी कितीतरी वेळ थडग्याच्या दगडावरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे माझा पोरगा वेडा नव्हता."

"नव्हता, आई."

"आणि तुला कधी कळलं हे? त्या साहेबाने सांगितलं तेव्हा?"

हो म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. सिउबानच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नाही, आई. त्याच दिवशी. अंगठा लावला तेव्हाच."

सासूबाईंनी सुनेच्या हातातल्या तिन्ही उदबत्त्या काढून घेतल्या, आपल्या तिन्हींत मिळवल्या आणि सहाही थडग्यापुढे स्वतःच खोचल्या. मग टोपली उचलून उतारावरून निघाल्या. चल म्हणाल्या नाहीत.