आठ संध्याकाळींची वाटणी

आठ संध्याकाळी आणि तीन मुलं. हा भागाकार रेणूच्या घरात दर वर्षी भांडण लावून द्यायचा. ज्यूंच्या हनुक्का सणाचे दिवे पहिल्या संध्याकाळी एक, दुसरीला दोन, असे वाढत वाढत आठवीला आठ लावायचे, आणि कुठली संध्याकाळ कुठल्या मुलाची हे आधी कागदावर लिहून ठेवायचं, हा रेणूनं घातलेला नियम. आठाला तीननं भाग जात नाही, ही एक अडचण. शेवटची, सगळ्यात जास्त दिव्यांची संध्याकाळ प्रत्येकालाच हवी, ही दुसरी. गेल्या वर्षी तिच्या धाकट्यानं, एताननं, त्या आठव्या संध्याकाळसाठी जमिनीवर अशी लोळण घेतली होती की खालच्या मजल्यावरचे लोक कोण पडलं म्हणून बघायला वर आले होते.

यंदा मात्र आक्रीत घडलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मुलं वाटणीला बसली. बेनी, रेणूच्या भावाचा मुलगा, बारा वर्षांचा, सगळ्यांत मोठा म्हणून पहिली निवड त्याची. तो म्हणाला, "मला पहिली आणि चौथी."

"आणि आठवी?" रेणूनं विचारलं.

"एतानला दे ना, आत्या. लहान आहे तो."

रेणूला भरून आलं. तिनं त्याला जवळ घेऊन त्याच्या डोक्यावर हात फिरवला, वाटीत दोन गुलाबजाम जास्तीचे घातले आणि संध्याकाळी ठाण्याच्या मावशीला फोन करून सांगितलं की आपला बेनी केवढा समजूतदार झालाय. मावशी म्हणाली, "वळण चांगलं आहे हो घरात." रेणू म्हणाली, "आहेच."

रेणू खरं तर इतकी भोळी नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे. माणूस दारातून आत येताना पाय कसा टाकतो एवढ्यावरून ती दुखणं कुठं आहे ते सांगते. पण एझरादादा, तिचा मोठा भाऊ, समोर आला की तिची ही सगळी हुशारी चपलांबरोबर दाराबाहेर राहायची. लहानपणापासून तसंच होतं. दादा म्हणाला म्हणजे झालं.

चार वर्षांपूर्वी दादाच म्हणाला होता, "रेणू, तुम्ही हैदराबादला या." तो औषधांच्या कंपनीत होता, बायको दीना आणि बेनीला घेऊन बरकतपुऱ्यात राहायचा. "एका घरात नुसते दिवे लागतात गं. सण व्हायला दोन घरं लागतात. मुलं एकत्र वाढतील." रेणूनं ठाण्यातलं जमलेलं काम सोडलं. नवऱ्याच्या, अविनाशच्या, मागे लागून त्याची इथल्या ऑफिसात बदली करून घेतली आणि तारनाक्याला फ्लॅट घेतला. अविनाश पुण्याचा, हिंदू घरातला. लग्नात दोन्हीकडच्यांची समजूत काढता काढता शेवटी असं ठरलं की मुलीचं नाव त्याच्या आईनं ठेवावं आणि मुलाचं तिच्या आईनं. म्हणून दहा वर्षांची ऋचा आणि सहा वर्षांचा एतान.

ठाण्यात सिनेगॉग होतं, आत्या-मावश्या होत्या, गल्लीत चार बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं होती. इथं त्यांचा समाज म्हणजे ही दोन घरं. दिव्यांपुढचे हिब्रू आशीर्वाद खणखणीत आवाजात म्हणणारा दादा एकटा. रेणूला हिब्रू अर्धीमुर्धी यायची. अविनाश मनापासून साथ करायचा, पण त्याच्या तोंडी त्याची आरती व्हायची आणि मुलं हसून हसून लोळायची. हे सगळं तिला एकटीनं करायचं नव्हतं. एकट्या आईनं मांडलेला सण मुलं आईची हौस म्हणून चालवून घेतात, आणि मोठी झाली की सोडून देतात, ही तिची धास्ती होती. मामा असला, मामी असली, बेनीदादा असला, तर तो त्यांचा होणार होता.

म्हणून यंदा तिनं कंबर कसली होती. पहिली संध्याकाळ चौदा डिसेंबरची, तिच्याकडे. त्या दिवशी दादाकडची दिव्यांची लाकडी पाटी इथं आणायची. आठ कड्या, कडीत काचेचे पेले, पेल्यात पाण्यावर खोबरेल आणि वात. आईच्या घरातली ती पाटी. दुसऱ्या दिवशी बरकतपुऱ्याला, आणि तिथं सगळ्यांचे फोन एका पातेल्यात झाकून ठेवायचे, अविनाशचासुद्धा. एका संध्याकाळी बटाट्याचे कबाब मुलांनी वळायचे, ते कसेही वळले तरी मोठ्यांनी निमूट खायचे. शुक्रवारी हनुक्काचे दिवे आधी आणि शब्बाथचे, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, नंतर, हे मुलांना करून दाखवायचं, कारण ऋचाला ते दर वर्षी उलटं वाटतं. सातव्या दिवशी आजोबांच्या गोष्टी दादानं सांगायच्या. त्यानं हे सगळं ऐकून घेतलं होतं. "कर गं, छान केलंयस," म्हणाला होता. सातव्या दिवसाच्या गोष्टींनाही मान डोलावली होती.

सात डिसेंबरला, रविवारी दुपारी, ऋचा मामाकडून परत आली. दादाकडचे सगळे संध्याकाळी यायचे होते, मुलांना गाणं बसवायला. ऋचानं बॅगेतून स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"मामीनं दिलंय. पोहे आहेत. ती म्हणाली, आईला दे आणि टाकू नका म्हणावं."

रेणूनं झाकण काढलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, बेदाणे. वर खजूर, केळ्याचे काप, आणि सब्जाची दोन पानं.

हे पोहे नव्हते. हा मलिदा होता.

ऋचाला तो फरक कळणार नव्हता, पण बेने इस्रायली घरात वाढलेल्या बाईला तो झोपेतही कळतो. मलिदा न्याहारीला कोणी करत नाही. एलियाहू हन्नाबीचं, एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन तो मांडतात ते नवस फेडताना, लग्नात, किंवा घरातलं कोणी लांबच्या प्रवासाला निघतं तेव्हा. आणि तो मांडताना सख्ख्या बहिणीला बोलावत नाहीत असं तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. उरलेला टाकायचा नसतो. आपल्या माणसांचा वाटा ठेवून घ्यायचा नसतो, पोचवायचा असतो. दीनावहिनीला बोलावणं चुकवता आलं, वाटा काही चुकवता आला नाही. म्हणून तिनं तो पोहे म्हणून धाडला, नाव न ओळखणाऱ्या पोरीच्या हातात.

"कोण कोण आलं होतं गं मामाकडे?"

"कोणी नाही. व्हिडिओ कॉल होता, ठाण्याचे ते अंकल प्रेयर म्हणत होते." ऋचा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी राहिली आणि लावूनच उभी राहिली. पाणी पीत नव्हती.

रेणूनं नीट पाहिलं. दुखणं कुठं आहे ते तिला दिसलं.

"मामा कुठं चाललेत, ऋचा?"

पोरीनं बाबांकडे पाहिलं. आणि अविनाश, जो सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होता, त्यानं ते खाली न ठेवता आणखी वर धरलं. रेणूला जे समजायचं ते तिथंच समजलं. बाकीचं तिनं नुसतं विचारून घेतलं.

इस्रायलला. कायमचे. अठरा तारखेला सकाळचं विमान, म्हणजे चौथी संध्याकाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी. दोन वर्षं कागदपत्रं चालली होती. उन्हाळ्यात दादानं आईबाबांचा कतुबा, लग्नाचा करारनामा, तिच्याकडून नेला होता, "फ्रेम करतो, वाळवी लागेल" म्हणून. तो फ्रेमसाठी नव्हता, ज्यू असल्याचा पुरावा म्हणून अर्जाला जोडायला होता. रेणूनं तो स्वतः मलमलीत गुंडाळून त्याच्या हातात दिला होता.

"तुला कधीपासून माहीत?" तिनं अविनाशला विचारलं.

"दिवाळीत बोलला मला. म्हणाला, रेणूला मी सांगतो. मला वाटलं सांगेल. त्याच्या तोंडचं मी कसं..."

"आणि हिला?"

"बॅगा बघितल्या मी," ऋचा म्हणाली. तिला आता रडू फुटत होतं. "मामा म्हणाला, आईला नको सांगू. आईला कळलं तर ती हनुक्का करणारच नाही. लाइट घे म्हणाला, टेन्शन नको, चौथ्या दिवशी दिवे लागले की मी सांगतो."

रेणू ओट्याला टेकून उभी राहिली. जाणारे जातात. ठाण्याच्या गल्लीतली अर्धी घरं गेली, त्यांना निरोप द्यायला ती स्वतः विमानतळावर गेली होती, रडली होती, हार घातले होते. दादा जातोय याचं दुःख तिला झालं असतं आणि तिनं ते केलं असतं. पण गेला महिनाभर ती याद्या करत होती, पातेल्यात फोन झाकायचे बेत करत होती, सातव्या दिवसाच्या गोष्टी ठरवत होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. नवरा बघत होता, पोटची पोर बघत होती. बारा वर्षांच्या बेनीनं आठवी संध्याकाळ सोडली तेव्हा तिनं त्याला गुलाबजाम दिले! दादानं केसानं गळा कापला होता, आणि वर तिच्याच हातचं गोड खाऊन गेला होता. तिला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त लाज वाटली.

सहा वाजता खालून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, आपके भैया लोगां आ रैं ऊपर."

ते आले. एझरानं दारातच "काय गं, रेणू" म्हटलं, आणि ओट्यावरचा उघडा डबा पाहून थांबला. त्यानं दीनाकडे पाहिलं. दीनानं मान खाली घातली नाही.

"मी पाठवला," ती म्हणाली. "मला खोटं बोलायला लावलंत तेवढं बोलले. मलिद्याचा वाटा ठेवून घेणार नव्हते मी."

"बसा," रेणू म्हणाली. कोणी बसलं नाही. फक्त एतान गालिच्यावर बसून रंगीत पेन्सिलीनं वाटणीच्या कागदाला किनार काढत होता.

"मी सांगणार होतो," एझरा म्हणाला. "तुझा स्वभाव मला माहीत आहे. आधी सांगितलं असतं तर तू रोज रडली असतीस. मुलांचा सण नासला असता. म्हटलं, चार दिवस तरी सगळे हसत एकत्र काढू. तुझ्यासाठीच केलं मी हे."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी?"

"दादा, तुझ्या शब्दावर मी ठाणं सोडलं."

"तेव्हा ते खरं होतं, रेणू."

"आणि या महिन्यात? सातव्या दिवशी गोष्टी सांगतो म्हणालास, तेव्हा?"

अविनाशनं मध्ये काहीतरी बोलायला तोंड उघडलं, रेणूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. बेनी दाराशीच उभा होता, बूट न काढता. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्यावर तिला रागावता येईना.

"हे बघ," एझरा आवाज खाली आणून म्हणाला, "झालं ते झालं. एतानला अजून माहीत नाहीये. त्याच्यासमोर नको. लहान आहे. चार दिवस जाऊ देत, मग तू सांग त्याला हळूहळू."

तेव्हा रेणूच्या लक्षात आलं. दोन घरांतली सात माणसं. त्यांतल्या पाचांना माहीत होतं. ज्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं ते दोघंच होते. एक तो सहा वर्षांचा पोरगा, आणि दुसरी ती.

ती गालिच्यावर एतानशेजारी मांडी घालून बसली.

"रेणू," एझरा म्हणाला.

"एतान," ती म्हणाली, "मामा-मामी आणि बेनीदादा इस्रायलला राहायला जाणार आहेत. चौथ्या दिवसाचे दिवे लावून झाले की दुसऱ्या दिवशी. मग ते इथं राहणार नाहीत."

एताननं पेन्सिल थांबवली. सगळे त्याच्या रडण्याची वाट बघत होते. एझरा तर पुढंच सरकला होता, त्याला उचलून घ्यायला. पण तो रडला नाही. तो विचार करत होता, आणि विचार करताना तो नेहमी करायचा तसं त्यानं पेन्सिलीचं टोक दातांत धरलं.

"ताई, तुला माहीत होतं?"

ऋचानं मान डोलावली.

"बाबा, तुम्हाला?"

अविनाश हळूच म्हणाला, "हो रे."

एताननं बेनीकडे पाहिलं. त्याला विचारलंच नाही. मग तो मान वर करून मामाकडे वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच समजत नव्हतं.

"मग मामा, मला नि आईलाच का नाही सांगितलं? आम्ही काय केलं होतं?"

एझरानं रेणूकडे पाहिलं. लहानपणापासून तो अडला की असाच तिच्याकडे बघायचा, आणि ती काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. आज ती मुलाशेजारी बसून राहिली, आणि मुलासारखीच वर मान करून त्याच्या उत्तराची वाट बघू लागली.