बिनक्लचची गाडी

आमच्या यजमानांना, ज्ञानदेवांना, सगळं खुटबाव 'डायव्हर' म्हणायचं. डावा पाय गेल्यावरही काही महिने म्हणत होतं, सवयीनं. मग नुसतं ज्ञानू म्हणू लागलं, आणि पुढे लंगडा ज्ञानू. हाक बदलली तेव्हा मला समजलं, पायाबरोबर त्यांचं काय गेलं ते.

लॉरीचं चाक बदलताना जॅक घसरला आणि मांडीखालचा पाय गेला. ही बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. दुष्काळात मी खडी फोडायला जायची आणि ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. लांबून एखादी गाडी आली की आवाजावरून सांगायचे, "क्लच अर्धाच दाबतोय. प्लेटा जाळतोय बघ गडी." ऐकायला कोणी नसलं तरी सांगायचे. मी कामावरून आले की दिवसभरात कोणत्या गाडीचं काय दुखत होतं ते मला ऐकवायचे. त्यांचं स्वतःचं काय दुखतं ते कधी बोलले नाहीत.

दौंडला एक म्हातारे पारशी शेठ होते. ज्ञानदेवांनी पूर्वी त्यांचा माल वाहिला होता. शेठ मुंबईला मुलीकडे कायमचे निघाले तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावणं धाडलं. शेडचं दार उघडलं. आत परदेशी बनावटीची जुनी मोटार, खोलीएवढी लांब, निळ्या रंगावर धुळीचा थर. पुढची सीट बाकासारखी सलग.

"डिकरा, खाली बघ," शेठ म्हणाले.

ज्ञानदेव कुबडीवर वाकले. पायापाशी दोनच पेडल होती, ब्रेक आणि ऍक्सिलेटर. क्लच नव्हताच.

"माझ्या बायकोचा डावा गुडघा कामातून गेलेला. तिच्यासाठीच ही आणली. गिअर आपोआप पडते. हिला डावा पाय लागतच नाय."

ज्ञानदेव आत बसले. स्टेअरिंगच्या दांड्याला एक बारीक दांडी होती, ती त्यांनी ओढली. गाडी शेडमधून बाहेर आली, स्टेशनापर्यंत गेली, वळून परत आली. ते खाली उतरेनात. मी दाराशी गेले तर म्हणाले, "रंभे, हिला म्या हाये तसाच पुरतो."

शेठनी गाडी जवळजवळ देऊनच टाकली. आम्ही दौंडला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. दौंड स्टेशन ते शिरूर अशी टॅक्सी ज्ञानदेवांनी सुरू केली. पुण्याकडून आगगाडी आली की तालुक्याचे लोक उतरायचे आणि निळ्या मोटारीभोवती गोळा व्हायचे. आमच्या घरचं पाणी न पिणारेही तिच्यात मांडीला मांडी लावून बसायचे. एसटी चुकली की माणसाला फार काही आठवत नाही. लग्नसराईत नवरदेव मिरवायला मांडवगणपर्यंतचे लोक तीच गाडी मागायचे. खुटबावात गेलो की पारावरून पुन्हा हाक यायला लागली, "काय डायव्हर, कवा आला?" त्या हाकेसाठी ते वाकडी वाट करून गावात जायचे हे मला माहीत होतं. मी तसं दाखवलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी गाडी घसरायला लागली. इंजिन गुरगुरायचं, चढायचं, पण जोर चाकापर्यंत पोचायचा नाही. चढावर ती हळूहळू मागेच यायची. नुसती उभी राहिली की पोटातून लाल तेल ठिबकायचं. पातळ, सरबतासारखं. आमच्या दारापुढच्या फरशीवर त्याचा डाग पडला होता. शेजारच्या विठाबाई पाणी भरता भरता म्हणाल्या, "रंभे, तुझ्या गाडीला कावळा शिवला का गं? चार दिस बाजूला बसीव तिला."

मी हसले. ज्ञानदेव हसले नाहीत.

शिरूरला महबूबचं गॅरेज होतं. लॉरीच्या दिवसांपासून तो आणि ज्ञानदेव एकमेकांच्या ताटातले. त्याने जीपा उघडल्या होत्या, ट्रॅक्टर उघडले होते, पण हिची गिअरची पेटी उघडून तो बराच वेळ नुसता उकिडवा बसून राहिला.

"ज्ञानूभाऊ, ही गाडी न्हाई, नवाबाची बेगम हाय. आत दातऱ्याला दातरा भिडतच न्हाई, समदं तेलावर चाललंय. आन् तेल बी इलायती."

शेठच्या शेडमधून आणलेले लाल तेलाचे डबे संपत आले होते. दुसरं कुठलं तेल चालेल हे कोणालाच सांगता येईना. महबूबने एकदा साधं गिअरचं दाट तेल घालून पाहिलं. कोणत्याही पेटीला तेच घालतात, तो तरी काय करणार? गाडी दोन दिवस जागची हललीच नाही. मग ते सगळं काढलं, धुतलं, उरलेला शेवटचा लाल डबा ओतला. ज्ञानदेव आतल्या जळक्या पट्ट्या पिशवीत घालून मुंबईला गेले. जुन्या मोटारींच्या बाजारात कुबडी टेकत दुकानामागून दुकान फिरले. परत आले तेव्हा पिशवी तशीच होती. पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली आणि जेवायला बसले. भाकरी मोडून ठेवली, खाल्ली नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"भंगारात घाल म्हणाले. एक जण म्हनला, गाडी घालायची न्हाई तर सोता जा."

पुढच्या आठवड्यात स्टेशनच्या दारात, माणसं भरलेली असताना, गाडीने जोर सोडला तो कायमचा. लोक उतरले, ट्रंका उतरवल्या, आणि एसटीकडे पळाले.

लॉरीमागे बांधून ती शिरूरला नेली. महबूब ज्ञानदेवांकडे न बघता माझ्याशी बोलला. "वैनी, एक इलाज हाय. माझ्याकडं मोडक्या जीपची पेटी हाय. ती बसीवतो. पत्रा कापून गिअरची दांडी वर काढतो. गाडी पळंल, छातीला हात लावून सांगतो."

"मग बसवा की," मी म्हणाले.

ज्ञानदेवच म्हणाले, "तिला क्लच लागंल."

"एखादा डायव्हर ठिवा की भाऊ. मालक मागं बसंल ऐटीत."

"मालक व्हायला न्हवती घेतली."

पण दुसरा इलाज नव्हता. पेटी बसली. ब्रेकच्या डाव्या बाजूला तिसरं पेडल आलं. ज्ञानदेवांनी सुताराकडून करून घेतलेला लाकडी पाय बांधला आणि महबूबला गाडी शिरूरच्या माळावर न्यायला सांगितली. तिथे ते स्वतः बसले. लाकडाला पेडल कळत नव्हतं. कधी पाय बाजूनं निसटायचा, कधी अडकून बसायचा आणि हातानं उचलावा लागायचा. गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. महबूब लांब जाऊन उभा राहिला, विडी पेटवायचं निमित्त करून. मी शेजारी बसले होते. ऊन चढत गेलं. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली आणि तरी ते किल्ली फिरवत होते.

मी माझा उजवा पाय दांडीच्या पलीकडे टाकला आणि पेडलवर ठेवला.

"काय करती?"

"तुम्ही सांगा कवा दाबायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काचेतून समोर बघत राहिले. मग म्हणाले, "दाब."

मी दाबलं. त्यांनी दांडी पुढे सारली.

"सोड. दमानं. दमानं सोड."

गाडी चालायला लागली. महबूबच्या तोंडातली विडी खाली पडली.

त्यानंतरचे महिने मी आयुष्यात किती वेळा आठवले असतील. दौंड ते शिरूर, शिरूर ते दौंड, मी त्यांच्या शेजारी. दाब. सोड. दाब. सोड. पुढे शब्दही लागेनात. इंजिनाचा आवाज एका जागी पोचला की माझा पाय आपोआप जायचा आणि त्यांचा हात दांडीवर यायचा. लग्नात सप्तपदी म्हणून काही आमच्यात नसतं, पण पावलाला पाऊल लावून चालणं म्हणजे काय ते मी त्या गाडीत शिकले. न्हावऱ्याच्या चढावर गिअर गुळगुळीत पडला की ते नुसती मान हलवायचे. तेवढी मान मला दिवसभर पुरायची.

लोकांना मात्र ते पुरलं नाही. पुढच्या सीटवर माझ्यामुळे एक माणूस कमी बसायचा, आणि जो बसायचा तो माझ्या पायाकडे बघायचा. एक मिशीवाला मामा मागून म्हणाला, "डायव्हर कोन हाय नक्की? भाडं कोनाच्या हातात द्यायचं?" सगळे हसले. ज्ञानदेवही हसले, लोकांना बरं वाटावं म्हणून. दुसऱ्याने विचारलं, "घरी बी बाईच दाबती का गिअर?" तेव्हा ते हसले नाहीत. गाडी बाजूला घेतली आणि त्याला उतरवलं. त्याच्याबरोबर सोबतचे तिघेही उतरले.

लग्नाची भाडी बंद झाली. नवरदेवाच्या पुढ्यात लंगडा माणूस आणि त्याची बायको पाय पसरून बसलेली, हे कोणाला चालेना. पारावरची हाकही बदलली. आता ती आम्हा दोघांना मिळून होती, आणि ती मी इथे लिहिणार नाही. त्यांनी खुटबावची वाकडी वाट सोडली.

अशात मला दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झाली होती. कोणालाही आनंदच व्हावा. त्यांनाही झाला. ते माझ्यासाठी पेरू घेऊन आले, मग खाटेवर बसून माझ्या पोटाकडे बघत राहिले. मला त्यांचा हिशेब कळत होता. पोट वाढेल, मग पाय पोचणार नाही.

मी सातवा लागेपर्यंत बसले. पावलं सुजायची. चप्पल चढायची नाही म्हणून अनवाणी पायानं दाबायची. पेडलच्या खरबरीत लोखंडाची खूण तळव्यावर उठायची. ती संध्याकाळी त्यांना दिसू नये म्हणून मी पाय लुगड्याखाली घ्यायची.

एका दुपारी न्हावऱ्याच्या चढावर पोटरीत गोळा आला. मी दात आवळून पेडल धरून ठेवलं, आवाजही केला नाही. पण त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. मागच्या माणसांना म्हणाले, "जरा इंजिन तापलंय." मग वाकले, माझा पाय दोन्ही हातांनी पेडलवरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. तळवा उलटा करून बघितला. माणसं मागे बसलेली असताना.

"ही कवापास्नं हाय?"

"अवं, जाऊ दे. उतरायचंय लोकांना."

शिरूरपर्यंत कसे पोचलो आठवत नाही. परत येताना गाडीत कोणी नव्हतं. मी म्हणाले, "बाळंतपण होस्तवर कोणीतरी पोरगा बघू. नुसतं दाबायचंच तर काम हाय. मग मी हायेच."

ते बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "बायकूचा पाय मागितला. आता रस्त्यावरच्या मानसाचा मागू व्हय?"

मांडवगणच्या एका बागायतदाराने गाडी घेतली. न्यायला त्याचा भैरू नावाचा डायव्हर आला, चांगला उंच, दोन पायांचा. ज्ञानदेव ओट्यावर बसून होते. त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. भैरूने किल्ली फिरवली, गल्लीच्या वळणावर गिअर बदलला, आणि दात खरडल्याचा आवाज पार आमच्या दारापर्यंत आला.

"पुरा दाबत न्हाई," ते म्हणाले.

गाड्यांबद्दल ते बोललेलं शेवटचं. आम्ही परत खुटबावला आलो. मुलगी झाली, चांगुणा. तिला ते मांडीवर घ्यायचे, पण कोणी उचलून हातात दिल्याशिवाय घ्यायचे नाहीत. ओट्यावरची खाट त्यांनी एक दिवस फिरवून घेतली, तोंड भिंतीकडे. रस्त्यावरून काय गेलं ते विचारलं तरी सांगायचे नाहीत. मी पुन्हा मजुरीला जाऊ लागले. निळ्या गाडीत कांद्याची पोती भरतात असं कोणी सांगितलं. पुढे ती मळ्यात पडून आहे, कोंबड्या खुडूक बसतात, असंही सांगितलं. त्यांच्यासमोर सांगू नका म्हणून मी खुणा करायची. ते ऐकूनही न ऐकल्यासारखे भिंतीकडे बघत असायचे.

त्यांचं खाणं तुटत गेलं. डॉक्टरांना दुखणं सापडेना. चांगुणा पावलं टाकायला शिकली त्या वर्षी मी त्यांना शिरूरच्या दवाखान्यात घेऊन निघाले. एसटीत आम्ही ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसलो. ते खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून. इतके हलके झाले होते की खड्ड्यात गाडी आपटली की उडायचे, मी दंड धरून ठेवला होता. सबंध वाटेत एक शब्द नाही.

न्हावऱ्याचा चढ आला. इंजिनाचा आवाज चढत चढत त्या जागी पोचला. मला वाटलं, मला एकटीलाच कळलं. तेवढ्यात डोळे न उघडता ते हळूच म्हणाले, "दाब."

मी पाय दाबला. एसटीच्या पत्र्यावर, पूर्ण, खालपर्यंत. ड्रायव्हरने गिअर टाकला, गाडीने चढ घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत 'सोड' म्हणायची वाट बघत होते. चढ संपला. न्हावरं आलं, माणसं उतरली, चढली. ते काही बोलले नाहीत, आणि मी शिरूर येईपर्यंत पाय उचलला नाही.